रकुक

"वैजू, बसतीस का गं जरा त्यांच्यापाशी?" काकूंनी आतून विचारलं. "मला बॅग भरायचीय त्यांची. चारला गाडी येतीय."

मी उंबऱ्यातच उभी होते, चपला अजून पायात. पावणेतीन झाले होते आणि साडेतीनला स्टँडजवळच्या क्लासमध्ये माझी बॅच होती. खरं सांगायचं तर बॅच हा बहाणा होता. मला त्या खोलीत बसायचंच नव्हतं. आधी तीन वेळा येऊन गेले होते. तिन्ही वेळा दारातूनच 'कसे आहेत सर' विचारलं, मोसंबीची पिशवी काकूंच्या हातात कोंबली आणि दहा मिनिटांच्या आत निघाले. आजारी माणसाला भेटायला जायचं आणि त्याच्याकडे न बघता परत यायचं, ही कला मला त्या तीन आठवड्यांत चांगली साधली होती. पण आज सरांना पुण्याला नेणार होते. काकूंना नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मी चपला काढल्या.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. बार्शीत तोडकर सरांची सुबोध टायपिंग इन्स्टिट्यूट होती. अठ्ठावीस मशीन, एक हजेरीपट आणि एक लाकडी पट्टी. सरांच्या हाताखालून निघालेली माणसं तहसीलपासून मंत्रालयापर्यंत बसलेली होती. त्यांचा एकच कायदा. बोटं कळांवर ठेवायची आणि वरून रुमाल टाकायचा. ज्याची नजर खाली गेली, त्याचं ते पान फाडायचं. मधल्या ओळीला ते 'घर' म्हणायचे. 'बोटं घरी ठेव,' असं दिवसातून शंभरदा. आणि कुणी पोक काढून बसलं की पट्टी टेबलावर आपटून नुसतं 'पाठ' म्हणायचे. अख्खा वर्ग ताठ व्हायचा. मी अठराव्या वर्षी शिकायला गेले, मग तिथेच शिकवायला लागले आणि नऊ वर्षं शिकवत राहिले. सकाळी सव्वासहाला शटर मी उघडायचे. किल्ली माझ्याकडेच असायची.

मग परीक्षा कॉम्प्युटरवर होणार असं सरकारनं ठरवलं. सरांनी कुरकुरत तीन कॉम्प्युटर आणले, त्यातही अक्षरांची मांडणी जुन्या मशीनचीच बसवून घेतली, पण मुलं स्टँडजवळच्या नव्या क्लासकडे जायला लागली. त्या क्लासनं मला बोलावलं. मी महिनाभर मनातल्या मनात वाक्यं जुळवली आणि एका शनिवारी सरांना सांगितलं. त्यांनी हजेरीपटातून डोकंही वर केलं नाही.

"जा," म्हणाले. "किल्ली टेबलावर ठेव."

एवढंच. नऊ वर्षांनंतर एवढंच. मी रागानं किल्ली ठेवली आणि निघाले. चौथ्या दिवशी सकाळी सर स्वतः शटर उघडायला गेले. ते शटर गंजलेलं, त्याला एक विशिष्ट हिसका द्यावा लागायचा आणि तो हिसका माझ्याशिवाय कुणाला जमायचा नाही. दूधवाल्याला सर पायरीवर पडलेले दिसले. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती आणि चष्मा पायरीवर फुटून पडला होता. शटर अर्धं वर गेलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, झटका कधीही आला असता, शटरचा काही संबंध नाही. गावानंही तेच म्हटलं. मला ते पटलं नाही आणि आजही पूर्ण पटलेलं नाही.

तर मी त्या खोलीत गेले. सरांची कॉट भिंतीला लागून होती. समोर खिडकी, खिडकीपाशी एक प्लॅस्टिकची खुर्ची. भेटायला येणारा त्या खुर्चीत बसायचा. कॉटवर जेवणाचं तिरकं टेबल आडवं ठेवलेलं, त्यावर त्यांच्या मुलाचा, अभयचा जुना लॅपटॉप, आणि डाव्या हाताखाली माऊस. लॅपटॉपच्या पडद्यावर खालच्या अर्ध्या भागात कीबोर्डचं चित्र होतं. माऊसचा बाण नेऊन अक्षरावर टिचकी दिली की ते अक्षर वर उमटायचं.

ही युक्ती अभयची. तो पुण्यात नोकरीला होता. झटक्यानंतर आठ दिवसांत त्यानं इंटरनेटवर कुठंतरी वाचलं, लॅपटॉपमध्ये मराठी घातली, पडद्यावरचा कीबोर्ड सुरू करून दिला आणि वडिलांच्या डाव्या हाताला धरून माऊस शिकवला. दोन दिवस तो जागचा हलला नाही. सर टिचक्या मारायला लागले तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. मग वर काय उमटतंय ते वाचलं, आणि आनंद गेला. 'तर्'. पुन्हा 'तर्'. कधी 'रकुक'. मधूनच मात्रा-वेलांट्यांचा नुसता कचरा. माझ्या पहिल्या भेटीत अभयनं दारात येऊन मला ते सांगितलं होतं. "ताई, आत्ता रकुक उमटलंय. म्हणजे काय असेल? तुम्ही नऊ वर्षं त्यांच्याबरोबर होतात." तो हसत म्हणाला होता, पण डोळे लाल होते. मला काय कळणार होतं, मी तर पडद्याकडेही बघितलं नव्हतं.

मान हलवून हो-नाही सांगता आलं असतं, असं कुणाच्याही मनात येईल. डॉक्टरांच्याही आलं. पण त्यांनी सुरुवातच अशी केली की, आजोबा, ही किती बोटं आहेत, सांगा बरं. सरांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. पुढच्या वेळीही तसंच. अठ्ठावीस मशीनच्या मालकाला दोन बोटं की तीन विचारणारा माणूस सरांनी धडधाकट असतानाही दारात उभा केला नसता. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'आकलन नाही.' आणि अभयला बाजूला घेऊन सांगितलं, समज शाबूत असती तर घरासारखं औषध नाही, पण समजच नसेल तर तुमच्या आईनं एकटीनं हे ओढू नये. पुण्यात अशा माणसांना सांभाळणारं एक केंद्र आहे, तिथं ठेवा.

त्या केंद्रातून माणूस परत घरी येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं.

मी खुर्चीत बसले. सरांनी माझ्याकडे बघितलं. तीन आठवड्यांत मी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा नीट बघत होते. दाढी वाढलेली, उजवा ओठ खाली ओघळलेला, डोळे मात्र तेच, पान फाडायच्या आधीचे. माझा पाय हलायला लागला. पाय हलवायची माझी जुनी खोड, त्यावरूनही पट्टी खाल्लेली. "पुण्याला बरं वाटेल सर," असं काहीतरी मी म्हणाले आणि माझीच मला लाज वाटली. आतून काकूंच्या कपाटाचा आवाज येत होता. अभय अंगणात फोनवर ड्रायव्हरला पत्ता सांगत होता. तीन वाजायला पाच कमी.

सरांचा डावा हात हलला. बाण पडद्यावर थरथरत निघाला, कीबोर्डाच्या डाव्या टोकाला असतो त्या लांबट चौकोनापाशी थांबला, मग एकेक चौकोन मोजत असल्यासारखा उजवीकडे सरकत गेला. टिचकी. पुन्हा डावीकडे, पुन्हा मोजत. टिचकी. मला ते बघवेना, पण दुसरीकडे कुठं बघायचं तेही कळेना. म्हणून बघत राहिले. तिसरी टिचकी. वर उमटलं, 'तर्'.

आणि माझं लक्ष माझ्या मांडीकडे गेलं.

माझी बोटं हलत होती. नऊ वर्षं मुलांच्या मागे उभं राहून मला ही सवयच लागली होती. समोरचा जी कळ दाबेल, तेच बोट माझ्या हाताचं खाली जायचं, मला कळायच्या आत. आताही गेलं होतं. उजवी अनामिका, उजवी तर्जनी, डावं मधलं बोट. माझे डोळे 'तर्' वाचत होते आणि बोटं वेगळंच काहीतरी वाचत होती. अनामिकेखाली स. तर्जनीखाली र. मधल्या बोटाखाली क.

सरक.

मी खुर्चीसकट डावीकडे सरकले. माझ्यामागची खिडकी मोकळी झाली. गल्लीपलीकडे इन्स्टिट्यूटचं निळं शटर आणि वरची पाटी दिसत होती. सरांनी तिकडे बघितलं आणि इतका लांब श्वास सोडला की मला तो ऐकू आला.

काय घडत होतं ते मला एकदम समजलं. सरांचा वाचायचा चष्मा पायरीवर फुटला होता. ज्याला काही समजत नाही त्याला चष्मा कशाला, म्हणून नवा कुणी केलाच नाही. त्यांना पडद्यावर चौकोन दिसत होते, चौकोनांवरची अक्षरं दिसत नव्हती. त्यांना ती बघायचीही नव्हती. आयुष्यभर ज्यानं खाली न बघता टाइप केलं तो माणूस जागा मोजून टाइप करत होता, आपल्या जुन्या मशीनच्या मांडणीनं. आणि अभयच्या लॅपटॉपमध्ये मराठी घातली की आपोआप येते ती मांडणी वेगळी होती. जिथं मशीनवर काना, तिथं इथं क. जिथं ह, तिथं उकार. 'र' तेवढा दोन्हीकडे जागच्या जागी. वर काय उमटतंय हे सरांना वाचताच येत नव्हतं. म्हणजे दोन आठवडे सर त्यांच्या मते अगदी स्पष्ट बोलत होते, आणि घरातलं एकही माणूस ऐकत नव्हतं.

मी ओरडलेच असेन, कारण अभय आणि काकू दोघंही धावत आले. मी भरभर सांगायला लागले. बोटं, जागा, मांडणी, सगळं एकमेकांत. काकूंना काही कळलं नाही, पण त्या कॉटच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी सरांचा पाय धरला. अभय शांतपणे ऐकत होता. त्याचे केस तेव्हा मानेवर रुळायचे, मागे रबर लावलेला असायचा; तो रबर काढून तो पुन्हा लावत होता.

"ताई," तो म्हणाला, "रागावू नका. तुम्हाला वाईट वाटतंय, मला माहितीय. पण तीन अक्षरांचं काहीही करता येतं. 'तर्'चं तुम्ही सरक केलं, उद्या कुणी दुसरं काही करेल."

"खिडकी बघितली त्यांनी," मी म्हणाले.

"ते नुसतंही बघतात."

त्याचं चुकत नव्हतं. त्यानं वीस दिवस आशा धरून बघितली होती आणि आता कुठं तो ती सोडायला शिकला होता. त्याला पुन्हा आशा लावायची तर माझ्या बोलण्यावर लावून चालणार नव्हतं. मी म्हणाले, मला बाहेर पाठव. तू त्यांना असं काहीतरी विचार जे मला माहीत असणं शक्य नाही. ते काय टाइप करतील ते मग मला वाचायला बोलाव.

मी अंगणात धुण्याच्या दगडापाशी जाऊन उभी राहिले. सव्वातीन. दारात पांढरी गाडी येऊन लागली. ड्रायव्हर लवकर आला होता. त्यानं मागचं दार उघडलं, आतली सीट आडवी केली आणि मला विचारलं, पेशंटला उचलायला किती माणसं आहेत. मी म्हटलं, थांबा जरा. तो म्हणाला, थांबतो, पण पुढं रस्त्याचं काम चाललंय, उशीर नको. मी नळ सोडला आणि बंद केला. तुळशीची वाळकी पानं काढली. क्लासमधून फोन आला तो कट केला. आतून एक टिचकी ऐकू यायची, मग इतका वेळ काहीच नाही की मला वाटायचं, झोपले. मग पुन्हा टिचकी. मी ज्या देवाला एरवी फारशी हाक मारत नाही त्याला त्या दहा-बारा मिनिटांत बरंच काही कबूल केलं, त्यातलं पुढं पाळलंही नाही.

अभयनं हाक मारली. त्याचा चेहरा पडला होता.

"गोंधळ आहे सगळा," तो म्हणाला. "दोन ओळी आहेत. वाचा तुम्ही."

पडद्यावर पहिल्या ओळीत दोन तुकडे होते. पहिल्यात मोडक्या चिन्हांमागे एक त, दुसऱ्यात तसंच एक मोडकं चिन्ह आणि मागे क, ग. मी प्रत्येक चिन्ह खालच्या चित्रात शोधलं, ते कितव्या चौकोनात आहे ते बघितलं आणि त्या चौकोनाचं बोट टेबलाच्या कडेवर टेकवलं. डावं मधलं. डावी अनामिका. उजवी अनामिका. मग जागा सोडलेली. डावं मधलं, उजवं मधलं, उजवं मधलं एक ओळ वर. वाचून झालं. मी पुन्हा पहिल्यापासून बोटं टेकवली. तेच.

"काय आहे?" अभय म्हणाला.

"तू काय विचारलं होतंस?"

"आधी तुम्ही सांगा."

ते मोठ्यानं वाचायची मला खरोखर लाज वाटली. हे काही उत्तर असणं शक्य नव्हतं. आता गाडी निघणार, आणि माझ्यामुळे सर दुसऱ्यांदा पडणार, असं मला वाटलं.

"केस काप," मी म्हणाले.

अभयचा हात मागे रबराकडे गेला आणि तिथंच राहिला. काकूंनी तोंडाला पदर लावला, हसू दाबायला की रडू, ते त्यांनाही माहीत नसावं. अकरावीपासून बापलेकांत एकाच गोष्टीवरून जुंपलेली असायची, हे काकूंनी मला नंतर सांगितलं.

"मी हे नव्हतं विचारलं," अभय म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "दुसरी ओळ वाचा. ताई, दुसरी ओळ."

दुसरी ओळ सोपी होती, सगळी घरच्या ओळीतली. डावी तर्जनी, डावी तर्जनी एक जागा उजवीकडे, उजवी तर्जनी, उजवं मधलं.

"हिरा."

अभय खाली फरशीवर बसला. मांडी घालून, चार-पाच वर्षांच्या मुलासारखा. त्यानं विचारलं होतं, मी लहान असताना आजोळी मी जिच्यासाठी दोन दिवस जेवलो नव्हतो त्या शेळीचं नाव काय. मी त्या शेळीचं नाव कुठून ऐकणार? शेळी होती हेच मला माहीत नव्हतं. सरांनी आधी मुलाला दम दिला होता आणि मग उत्तर. वर्गातही त्यांची हीच रीत होती.

"बाबा," अभय म्हणाला. सर खिडकीबाहेर बघत होते. मुलाच्या रडण्याकडे बघायचं नाही एवढी जाण त्यांना होती.

मग सगळं एकदम हललं. अभयनं डॉक्टरांना फोन लावला, तो धड वाक्यं करत नव्हता, तिकडून डॉक्टर पुन्हा पुन्हा 'काय? काय?' म्हणत होते. डॉक्टर म्हणाले, गाडी परत पाठवा, मी संध्याकाळी येतो. आणि आल्यावर बोटं मोजायला लावू नका असं अभयनं त्यांना बजावलं. ड्रायव्हर वैतागून सीट सरळ करून निघून गेला. अभय चष्म्याची जुनी चिठ्ठी घेऊन दुकानाकडे पळाला. घरात मी, काकू आणि सर. चार वाजून गेले होते. बॅच बुडाली होती, आणि मला अजून एका जागी बसवत नव्हतं. झालं ना आता, जावं, असं मन म्हणत होतं. सरांशी जे बोलायचं होतं त्यातला मी अजून एक शब्दही बोलले नव्हते. शटरविषयी, किल्लीविषयी. 'सरक' हा सगळ्यांना सारखाच हुकूम होता, त्यात माझं असं काही नव्हतं. त्यांनी मला ओळखलं होतं, आणि ओळखून काय वाटलं होतं, ते मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची हिंमतही नव्हती.

मी चपलेत पाय घातला तेवढ्यात काकू एक वही घेऊन आल्या.

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला कोण कोण येऊन गेलं ते घरातली बाई लक्षात ठेवते, म्हणजे उद्या त्यांच्या घरी काही झालं तर आपण चुकायला नको. काकूंचा विसराळूपणा गावाला माहीत, म्हणून त्या लिहून ठेवायच्या. तारीख, आणि खाली नावं. आणि अभयनं तो लॅपटॉप लावून दिल्यापासून नावांपुढे त्या वेळी पडद्यावर उमटलेली अक्षरंही उतरवलेली. जशीच्या तशी, मात्रा-वेलांट्यांच्या कचऱ्यासकट, शाळेतल्या मुलीसारखी वळणदार.

"मला वाटायचं, असेल काहीतरी," काकू म्हणाल्या. "उगं कसं कोण एवढं हात हलवील. वाच ना गं, काय काय म्हणत होते ते."

मी एका पायात चप्पल तशीच ठेवून दारातच बसले, लॅपटॉपवरून ती मांडणी एका कागदावर उतरवून घेतली आणि वाचायला लागले. सरक. सरक. शेजारचे वकील आले होते, सरक. काकूंची बहीण, सरक. एके दिवशी दुपारी कुणी नाही, त्यापुढे 'पाणी', सहा वेळा. काकू म्हणाल्या, त्या दिवशी मी दळण आणायला गेले होते, आल्यावर पाहिलं तर पडदाच भरला होता. मग 'चष्मा'. मग पुन्हा चष्मा. मग डॉक्टरांच्या नावापुढे एक शब्द, तो मी काकूंना सांगितला नाही.

आणि मग 'रकुक'.

तो मी विसरलेच होते. सगळ्यात आधी ऐकलेला, आणि तोच वाचायचा राहिला होता. तीन तारखेला होता. तिथून खाली बोट नेलं. पुन्हा सात तारखेला. मग अकराला. तिन्ही दिवशी एकेकदाच नाही, तीन-चारदा, एकाखाली एक. बाकी साऱ्या वहीत कुठंही नाही. मी तारखांपुढची नावं बघितली. तीन तारीख, वैजू. सात तारीख, वैजू. अकरा तारीख, वैजू.

तिन्ही वेळा मी दारात उभी होते. तिन्ही वेळा काकूंशी बोलत होते, पाठ आतल्या खोलीकडे करून, पाय निघायच्या तयारीत. आणि आतून टिचक्या ऐकू येत होत्या. ते मला तेव्हा आठवलं. मी त्या टिचक्या ऐकल्या होत्या आणि आणखी घाईनं निघाले होते.

मी वही मिटली आणि तिच्या पुठ्ठ्यावर दोन्ही हात ठेवले. उजवी तर्जनी. उजवं मधलं. डावी तर्जनी, एक जागा उजवीकडे. उजवं मधलं. सगळं घरातल्या घरात, शिकाऊ मुलीलाही पहिल्या आठवड्यात येईल असं.

राहा.

"हे काय गं?" काकूंनी विचारलं. "हे काय म्हणतेत?"

"नंतर सांगते," मी म्हणाले. पुढं कित्येक महिने मी ते त्यांना सांगितलं नाही.

मी चप्पल काढली आणि आत गेले. खुर्ची तिथंच होती, खिडकीच्या डाव्या अंगाला. मी बसले. सरांनी माझ्याकडे बघितलं. शटरचं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, पण मला हुंदका आला आणि मी रडले, चांगली मोठ्यानं, खाली वाकून, गुडघ्यांत डोकं घालून. सर काही करू शकत नव्हते.

मग टिचक्या वाजल्या. मी डोकं वर केलं नाही. बाण थरथरत कुठं गेला असेल, किती चौकोन मोजले असतील, ते मला दिसत नव्हतं. शेवटची टिचकी वाजली आणि त्यांनी माऊस टेबलावर आपटला, जशी पट्टी आपटायचे तसा.

मी पडद्याकडे बघितलं, अक्षरांच्या जागा शोधल्या आणि मांडीवर बोटं टेकवली. 'पाठ,' असं लिहिलं होतं.

मी ताठ बसले.